१८८० च्या सुमारास कोकणातल्या फळबागेतलं घर रोज कसं चालायचं?

विचारलेलं थोडक्यात असं: १८८० च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याची बाग असलेल्या एका कुटुंबावर कादंबरी लिहायची आहे. त्या घरातला रोजचा दिवस कसा जायचा, कोण काय काम करायचं, खायचे काय, पैसा कुठून यायचा? आणि घरचीच बाग म्हटल्यावर उन्हाळाभर सगळे मनसोक्त हापूस खात असतील ना? सोबत पहिलं प्रकरण जोडलंय. त्यात सकाळी ओटीवर चहा आहे, खळ्यात आंब्याच्या पेट्या रचल्यात, नजर पोचेल तिथवर हापूसची कलमं आहेत आणि घरात वीस वर्षांची लग्नाची मुलगी आहे.

मी गुहागरच्या बाजूची. घराखाली नारळ-सुपारीची वाडी आणि वर उतारावर आंबा, दोन्ही मी आजही बघते. लग्न होऊन आले त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. त्यातली पहिली नऊ वर्षं आजेसासूबाई होत्या. त्यांचा जन्म १८९८ चा. दहाव्या वर्षी त्या या घरात आल्या आणि सगळं काम सासूच्या हाताखाली शिकल्या. ती सासू १८७० च्या आसपास इथे सून म्हणून आलेली. म्हणजे तुमच्या कादंबरीतल्या बाईपासून माझ्यापर्यंत मध्ये एकच माणूस आहे, आणि त्या माणसाने मला हाताला धरून शिकवलंय. म्हणून तुमचं प्रकरण वाचल्यावर गप्प बसवेना.

आधी बागेचं चित्र बदला. त्या काळी सलग हापूसची बाग फार थोड्यांकडे होती. बहुतेक घरांकडे होता तो रायवळ, म्हणजे कोयीपासून आपोआप उगवलेला आंबा. रायवळच्या दोन झाडांची चव सारखी नसते, म्हणून प्रत्येक झाडाला नाव असायचं. शेपूचा वास येतो तो शेपू, बारीक फळाची ती बिटकी, दाठर गराचा तो खोबऱ्या. घरातलं शेंबडं पोरसुद्धा पडलेला आंबा हुंगून तो कुठल्या झाडाचा ते सांगायचं. कलम बांधायची विद्या पोर्तुगिजांमुळे गोव्यात रुजली, हापूस हे नावही अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आलं, आणि तिथून कलमं हळूहळू वर सरकली. हळूहळू म्हणजे किती, ते भेट कलम कसं बांधतात ते बघितल्यावर कळेल. मातीच्या कुंडीतलं रायवळचं रोप हापूसच्या फांदीपर्यंत उचलून न्यायचं. त्यासाठी झाडाला माच बांधायचा. दोघांची साल तासून, जखमेला जखम लावून घट्ट बांधायचं. मग सांधा जुळेपर्यंत महिना-दोन महिने कुंडीतली माती सुकू द्यायची नाही. आज नर्सरीत हजारोंनी मिळतं ते कोय कलम खूप पुढचं. तेव्हा एका झाडावरून वर्षाला जेमतेम मूठभर कलमं निघायची आणि त्यातलीही सगळी जगायची नाहीत. दहा-वीस कलमं असलेलं घर पंचक्रोशीत मोठं बागवालं समजायचे. तुमच्या घराला तेवढीच द्या, बाकी रायवळ ठेवा. फणस, रातांबे (ज्याचं आमसूल होतं ते फळ), काजू, केळी, आणि घराच्या उशा-पायथ्याशी माड-पोफळी हव्यातच.

या माड-पोफळींवरच रोजचा दिवस बांधलेला होता. आंब्याला मोठं झाल्यावर पाणी लागत नाही. पोफळीला मात्र दिवाळीनंतर पाऊस पुरता गेला की मिरगापर्यंत शिंपण लागतं. हे सात महिने झाले. त्या सात महिन्यांत पहाटे घरातला पहिला आवाज असायचा तो राहाटाच्या कुरकुरीचा. विहिरीवर लाकडी राहाट, त्यावर दोराची माळ, माळेला बांधलेली मातीची गाडगी, आणि गोल फिरणारा रेडा नाहीतर बैल. गाडगी भरून वर यायची, कलंडून पन्हळीत ओतायची आणि रिकामी खाली जायची. पन्हळसुद्धा वाडीतलीच, पोफळीचं खोड उभं चिरून, आतला गाभा काढून केलेली. तिथून पाटाने पाणी जागोजागच्या दगडी दोणींत जायचं आणि दोणीतून आळ्याआळ्यांत. राहाट हाकायला घरातला म्हातारा नाहीतर दहा-बारा वर्षांचा मुलगा, पाणी वळवायला बाई. आजेसासूबाई सांगायच्या, कुरकुर चालू असेतो बाकीचे गाढ झोपलेले असायचे, पण ती थांबली की घरधनी ताडकन उठून बसायचा. थांबली म्हणजे दोर तरी तुटला, जनावर तरी बसलं, नाहीतर राखणारं पोर तरी झोपलं. ज्या घरी राहाट परवडत नव्हता, तिथे लाटेने, म्हणजे विहिरीवरच्या तरफेसारख्या आडव्या वाशाने, हाताने पाणी काढायचे. त्या घरांतल्या माणसांच्या खांद्यांवरून ते ओळखू यायचं.

आमच्या वाडीत त्यातली एक दोण अजून आहे. जांभ्याची नाही, काळ्या दगडाची. एका कडेला हाताच्या पंजाएवढी जागा गुळगुळीत, थोडी खोलगट झालेली आहे. वाकून पाणी घेताना बाया तिथे डावा हात टेकायच्या. मीही टेकते, हात बरोबर बसतो.

आता घरात या. चहा काढून टाका. खेड्यापाड्यांत तो घरोघर पोचला विसाव्या शतकात. पहाटे उठणारी पहिली बाई चुलीतली राख बाजूला करून रात्री पुरून ठेवलेला विस्तव फुंकायची. विझला असेल तर करवंटीत शेजारणीकडून आणायचा. मग जातं, मग वायनात, म्हणजे जमिनीत पुरलेल्या उखळात, भाताची कांडण. तांदूळ रोजच्या रोज सडायचे, महिन्याचे भरून ठेवलेले नसायचे. दोघी समोरासमोर उभ्या राहून एका वायनात आळीपाळीने मुसळं घालायच्या, आणि ती लय चुकली की मुसळावर मुसळ आपटायचं. नव्या सुनेची पहिली परीक्षा तिथेच व्हायची. सडासारवण, विहिरीवरून पाणी, गोठा हे सगळं उजाडायच्या आत. न्याहारीला पेज, म्हणजे तांदळाची नाहीतर नाचणीची, सोबत मिठातली कैरी किंवा लोणच्याचा खार. दुपारी भात, कुळथाचं पिठलं, वाडीतली भाजी, किनाऱ्यावरच्या मासे खाणाऱ्या घरांत मासळी, आणि बहुतेक घरांत सोलांचं सार. भाकरी नाचणीची किंवा तांदळाची. गव्हाची पोळी सणाला.

पोट फळबागेवर भरत नव्हतं, हे कादंबरीत दिसू द्या. पोट भरायचं ते खालच्या खाचरातल्या भातावर आणि वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीवर. बागवालं घरसुद्धा आधी शेतकरी घर होतं. मे महिन्यात एकीकडे आंबा उतरायचा आणि दुसरीकडे भाजावळीची, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायची, आणि पेरणीची घाई.

तुमचं कुटुंब खोताचं, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्याचं, की त्याची जमीन कसणाऱ्या कुळाचं, हे प्रकरणात कुठेच स्पष्ट होत नाही. आमच्या भागात त्यावर सगळं ठरायचं. ज्या सालात तुमची गोष्ट घडते त्याच सालात, १८८० मध्ये, सरकारने खोतीचा कायदा केला. त्याने हक्क कागदावर नोंदले गेले, पण गावातली रीत एका रात्रीत बदलली नाही. कूळ पिकाचा हिस्सा द्यायचं, अर्धेल म्हणजे निम्मा, तिर्धेल म्हणजे तिसरा. शिवाय वेठीला जायचं, म्हणजे खोताच्या शेतात, खोताच्या बागेत बिनमोबदला राबायचं, तेही नेमकं स्वतःच्या कामाच्या घाईत. झाडांचा हिशेब तर आणखी गुंतागुंतीचा. जमीन एकाची, तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं आणि फळाला तिघे वाटेकरी, असं आजही आमच्याकडच्या जुन्या कागदांत सापडतं. भाऊ वेगळे झाले की जमिनीसारखं झाड कापता येत नाही, म्हणून एका फणसाची पाळी लागायची, यंदा थोरल्याकडे, पुढच्या साली धाकट्याकडे. एका आंब्याच्या झाडावरून तीन पिढ्या बोलत नाहीत अशी घरं मी पाहिली आहेत. तुम्हाला कथेत भांडण हवं असेल तर ते इथे आहे, बाहेरून आणायची गरज नाही.

पैसा यायचा तो टिकणाऱ्या मालातून. सोललेला नारळ टिकतो, महिना-दीड महिना उन्हात वाळवलेली सुपारी टिकते, आमसूल टिकतं. हे गलबतातून मुंबईला जायचं किंवा बैलांवर लादून कुंभार्ली घाटाने वर कऱ्हाडकडे. ताज्या आंब्याला एवढा धीर नसतो. दाभोळच्या खाडीतून निघालेलं गलबत वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की करंडीतलं फळ वाटेतच पिकायचं आणि मुंबईत पोचेपर्यंत रस गळायला लागायचा. मुंबईला क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये सुरू झालं होतं, पुढे किनाऱ्याने आगबोटीही नेमाने धावायला लागल्या, तेव्हा बंदराजवळच्या बागवाल्यांना आंब्यातून बऱ्यापैकी पैसा दिसू लागला. पण बंदरापासून चार-पाच कोस आतल्या घरांना डोक्यावर हारे घेऊन चालत जाणंच होतं. म्हणून पेट्या काढा आणि बांबूच्या करंड्या घाला, तळाला भाताचा पेंढा. आणि लक्षात असू द्या, मिरग लागला की समुद्र बंद. गलबतं किनाऱ्यावर ओढून, झापांनी, म्हणजे माडाच्या विणलेल्या पात्यांनी, शाकारून ठेवायचे, ती नारळी पुनवेनंतरच पाण्यात जायची. मेअखेर जो आंबा गेला नाही तो गेलाच नाही.

दुसरा पैसा मुंबईहून यायचा. १८५४ नंतर तिथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातले पुरुष गिरणीत, पोलिसात, पलटणीत, पेढ्यांवर जायला लागले. बागवाल्या घरातलाही एखादा तरी मुलगा मुंबईला असायचाच. टपालखात्याची मनीऑर्डर १८८० पासूनच सुरू झाली, तीही तुमच्या कथेच्या सालातली. त्याआधी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कनवटीला बांधून पैसे पाठवायचे. याचा घरावर मोठा परिणाम झाला. कर्ता पुरुष शिमग्याला आणि जमलं तर गणपतीला दिसायचा. राहाटाचा दोर केव्हा बदलायचा, नारळ पाडायला पाडेल्याला केव्हा बोलवायचं, त्याला मजुरीचे नारळ किती द्यायचे, कोणत्या झाडाखाली मासळीचं खत टाकायचं, हे सगळं बाई ठरवायची. कागदावर नाव मात्र कुठेच नाही. घरच्या जुन्या चोपड्यांत गड्यांची नावं आहेत, बैलाची किंमत आहे. माझ्या आजेसासूच्या सासूचं नाव एकदाही नाही. हे मला फार लागतं. तुम्ही लिहिताय तर त्या बाईला नाव द्या.

आणि ती वीस वर्षांची लग्नाची मुलगी. ब्राह्मण खोताचं घर असेल तर ते शक्यच नाही. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की लग्न. संमतिवयाचा कायदा १८९१ चा, आणि त्यानेही शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेलं एवढंच, लग्नाच्या वयाला हात लावला नाही. इतर जातींतही मुली लहानपणीच उजवल्या जायच्या. तुमच्या गोष्टीला वीस वर्षांची, लग्न न झालेल्यासारखी घरात वावरणारी बाई हवी असेल, तर ती बहुधा बालविधवा असेल. अशी एक तरी जवळजवळ प्रत्येक मोठ्या घरात होती. केस काढलेली, आलवणातली, म्हणजे विधवेच्या तांबड्या लुगड्यातली, कुणाची आत्या, कुणाची काकू. शुभकार्यात तिने समोर यायचं नाही, पण वर्षाचं लोणचं, आंब्याची साठं, पापड, सोवळ्यातला सगळा साठवणीचा स्वयंपाक तिच्या जिवावर. पाहुण्यांनी वाखाणलेलं लोणचं तिच्या हातचं, आणि हळदीकुंकवाला ती माजघराच्या दाराआड. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्याच मुरूडने, आमच्यासारख्याच माड-पोफळींच्या गावाने, त्यांना वाळीत टाकलं. त्या काळातल्या वाडीची शांतता लिहाल तेव्हा तिच्यात हेही होतं एवढं ध्यानात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. कोकणातल्या फळबागेतलं खरं कुटुंबजीवन बघायचं तर एप्रिलच्या मध्यापासून मिरगापर्यंतचे सात-आठ आठवडे बघावे. सगळी फळं एकदम येतात, कुठलंच थांबत नाही आणि पाठीवर पाऊस येऊन उभा असतो. वळवाच्या वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या वेचायच्या, फोडी करून मिठात घालायच्या, उरलेल्या वाळवून आंबोशी करायची. ओले काजू, मग काजूच्या बिया भाजायच्या. फणस उतरवायचे. कापा, म्हणजे कडक गऱ्यांचा, असेल तर गरे तळायचे, बरका, म्हणजे मऊ रसाळ, असेल तर त्याचं साठ घालायचं. आठळ्या माती लावून कोपऱ्यात रचायच्या, म्हणजे पावसाळ्यात भाजीला होतात. रातांबे फोडून साली वाळवायच्या, त्याच रसात मिठाबरोबर पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या; अशी पाच-सात पुटं दिली की आमसूल होतं आणि तोवर बोटं काळीजांभळी होऊन जातात. बिया टाकायच्या नाहीत. त्या वाळवून, कुटून, उकळून वर आलेली चरबी गोळा करायची आणि मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. पावसात चिखलात फुटलेल्या टाचांना तेच लावायचं. या सगळ्याच्या जोडीला वर्षाची लाकडं भरणं, झाप विणणं, घर शाकारणं. मंगळुरी कौलं यायला तेव्हा नुकती सुरुवात होत होती, बहुतेक छपरं गवताची, झापांची नाहीतर साध्या गावठी कौलांची. आणि याच दिवसांत लग्नं. हे सगळं करणारे हात तेच, सकाळी राहाटावर होते ते.

यातल्या दोन गोष्टी जवळून सांगते, कारण त्या पुस्तकात मिळणार नाहीत.

एक, अढी. आंबा तयार झाला की सकाळी ऊन चढायच्या आत झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवायचा, देठ ठेवून. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि तिथे डाग पडतो. लहान पोरांच्या ओठांना तो चीक लागला की फोड येतात, त्या दिवसांत निम्म्या पोरांची तोंडं उललेली असायची. मग माळ्यावर किंवा अंधाऱ्या खोलीत भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, पुन्हा पेंढा. दार बंद. आठवडाभराने त्या खोलीत नुसतं डोकावलं तरी उबदार, गोड वास अंगावर येतो. अढी रोज बघायची ती घरातल्या वडीलधाऱ्या बाईने. आंबा दाबून बघायचा नाही, दाबला की तिथेच काळा पडतो. देठाजवळ नाक न्यायचं. आजेसासूबाईंना शेवटी डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, तरी अढीत हात घालून त्या सांगायच्या, “हा उद्याचा, हा परवाचा, आणि या कोपऱ्यात एक नासलाय, तो आधी काढ.” मी पेंढा उलटून बघायचे, तर खरंच तळाला एक नासका असायचा. एक नासला की शेजारचे चार जातात, म्हणून तो शोधणं हे अढीतलं पहिलं काम.

दुसरी, साठ. पिकून पडलेल्या रायवळचा रस काढायचा, गाळायचा, तूप लावलेल्या ताटांवर पातळ पसरायचा आणि उन्हात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थर, तिसऱ्या दिवशी तिसरा. आठ-दहा दिवसांनी जाड, तपकिरी, चिवट साठ सुटून येतं. बाजेवर ताटं मांडायची आणि बाजेच्या चारही पायांखाली पाण्याने भरलेल्या करवंट्या ठेवायच्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. कावळ्यांना हाकलायला काठी घेऊन एक पोर बसवायचं. खरी कसोटी मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुपारी नैर्ऋत्येकडे काळं दिसलं की कुणीतरी ओरडायचं आणि घरातलं जो जिथे असेल तिथून धावत खळ्यात. जेवणारा उष्ट्या हाताने, बाळाला पाजणारी बाळ खाली ठेवून. साठाची ताटं, आमसुलांच्या चटया, आंबोशी, सुपारी, सगळं पाच मिनिटांत आत. पाण्याचे चार थेंब पडले तरी साठाला बुरशी येते आणि दहा दिवसांचं काम गुरांपुढे टाकावं लागतं. पुष्कळदा ढग नुसते फिरून जायचे आणि तासाभरात सगळं पुन्हा बाहेर मांडायचं. एका दुपारी तीन-तीनदा. तुमच्या कादंबरीत एक प्रसंग असा असू द्या. त्या धावपळीत घरातलं कोण कोणाशी कसं वागतं ते आपोआप दिसेल.

मुलांचं बालपण राखणीत जायचं. दिवसा वांदर, रात्री वटवाघळं, खाली पडलेल्या फळाला डुकरं. झाडाखाली खोपी बांधून मुलगा आणि आजोबा रात्रभर बसायचे, हातात गोफण आणि उभा चिरलेला बांबू, जो हलवला की फट्‌फट् वाजतो. मोहोराच्या दिवसांत आभाळ आलं की झाडाखाली पाचोळ्याचा धूर करायचा, तेही पोरांचंच काम. गावात शाळा असेल तर मुलगे जायचे, राखणीच्या दिवसांत पटावरच. मुलींना अक्षर नाही. पण दिवेलागणीला देवापुढे बसून शुभंकरोती, रामरक्षा, आणि मग पावकी-निमकी-पाऊणकीचे परवचे सगळ्यांनी ऐकायचे, त्यामुळे आजेसासूबाईंना लिहिता येत नसूनही अडीचकी तोंडपाठ होती आणि नारळाचा हिशेब त्या व्यापाऱ्याआधी करायच्या. दिवा उंडीच्या झाडाच्या बियांच्या तेलाचा. त्याला धूर फार आणि उजेड पणतीभोवतीच. घासलेट आलं तरी ते सुरुवातीला पाहुण्यांपुढे लावायचं. त्यामुळे रात्रीच्या प्रसंगांत चेहरे नीट दिसू देऊ नका.

पावसाळ्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तो भाताचा, बागेचा नव्हे. लावणी, मग चुलीजवळ ओल्या कपड्यांची रांग, उकडलेल्या आठळ्या, साठाचा तुकडा, हिवताप. घरात धान्य संपत आलेलं असायचं, म्हणून श्रावणापर्यंत पेज आणखी पातळ होत जायची. माळ्यावर साठवलेल्या त्या फळांच्या गाडग्यांना तेव्हा किंमत यायची. तुमची गोष्ट पुढे १८९६-९७ पर्यंत जाणार असेल तर मुंबईच्या प्लेगने माणसं घाबरून गावाकडे परतली तो काळ नक्की घ्या. त्या साली पुरुष घरी होते, मनीऑर्डरी बंद होत्या आणि पातळ पेजेत आणखी वाटेकरी आले होते.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, मनसोक्त हापूस खाण्याचा. अक्षय्य तृतीयेला पितरांना आंबा दाखवल्याशिवाय जाणती माणसं नवा आंबा तोंडाला लावायची नाहीत. त्यानंतरही पहिली निवड विकायची, दुसरी खोताकडे किंवा अंमलदाराकडे भेट म्हणून, तिसरी लेकींच्या सासरी. घरात खायचा तो डागी. देठाशी काळा पडलेला, पक्ष्याने टोचलेला, झाडावरून पडून एका अंगाने मऊ झालेला. त्याचा खराब भाग काढून उरलेल्या फोडी सगळ्यांत वाटायच्या, आणि बाकी पोट भरायचं ते चोखायच्या रायवळवर. ही सवय अजून आमच्याकडच्या कुठल्याही बागायतदाराच्या घरात दिसेल.

लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मला हे ठाऊक नव्हतं. अढी काढताना एक सुंदर, केशरी, कुठेही ओरखडा नसलेला हापूस हाताला लागला. मोठ्या प्रेमाने धुऊन मी तो ताटलीत घालून आजेसासूबाईंपुढे ठेवला. त्या तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी तो उचलला, देठाशी नाक नेलं, बराच वेळ तसाच धरला. मग पदराने कोरडा पुसून माझ्या हातात परत दिला. म्हणाल्या, “हा जाईल गं. परत ठेव. मला डाग्यातला दे.”